उत्तरेच्या खिडकीतलं स्टूल

मंगळवारी अकरा वाजता सगळ्यांनी हात धुऊन खाली यायचं, अशी ओळ बाबांनी आदल्या संध्याकाळीच पाटीवर खडूने लिहून ठेवली होती. त्या पाटीवर एरवी गिऱ्हाइकांच्या वेळा असत. तिच्यावरून घरच्यांनाच बोलावणं आलं, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. मंगळवारी बाबांना पंचाहत्तर पूर्ण होत होती, आणि आजोबांनीही पंचाहत्तर पूर्ण झाली त्याच दिवशी खिडकीतलं स्टूल सोडलं होतं. हा योगायोग घरात प्रत्येकाच्या लक्षात आला होता, पण तोंडातून कुणी काढला नव्हता.

बाबा दहालाच खाली आले. उत्तरेची खिडकी उघडली, तीन पायांचं स्टूल फडक्याने पुसलं आणि त्यावर बसून डोळे मिटले. पस्तीस वर्षं ते रोज असेच बसत आले होते. या घरात कृत्रिम डोळे बनतात. धाकटा साचा घ्यायचा, आत्या पॉलिश करायची, थोरली पांढऱ्या भागावर रेशमाच्या लाल धाग्यांनी शिरा बसवायची. बुबुळ मात्र याच स्टुलावरून रंगवलं जायचं, समोर गिऱ्हाईक बसवून, उत्तरेच्या उजेडात. आणि इथे बसणाऱ्याने ब्रश उचलण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायची, हा आजोबांनी घालून दिलेला नियम होता.

आपल्याला जगात कशासाठी पाठवलं, हा प्रश्न बाबांना कधी पडला नाही. ज्याने डोळे दिले त्याचंच अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला त्याने आपल्याला इथे बसवलंय, असं ते मानत. हात आपला, काम त्याचं. या एका समजुतीवर त्यांनी बायकोचं जाणंही पचवलं होतं. आता त्याचं काम पुढे नेणारा माणूस नेमला की आपण सुटलो. माणूस ठरलेलाच होता. धाकटा रोज प्रार्थना करायचा, जेवणाआधीही करायचा, आणि कुणी बघत नसलं तरी करायचा.

अकराला पाच कमी असताना आत्या जिन्याचा कठडा धरत उतरली. वय एकोणऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"काय रे, स्टूल पुसून ठेवलंस? लग्न लावायचंय का त्याचं?"

"अक्का, आज तरी जरा गंभीर हो."

"मी गंभीरच आहे. गुडघे दुखत असताना माणूस दुसरं काय असणार?"

*

थोरली आली ती बोटांना चिकटलेला लाल धागा सोडवत. तिला पाटी वाचल्यापासून सगळं ठाऊक होतं. स्टूल धाकट्याला जाणार. एकोणिसाव्या वर्षी तिने बाबांना सांगितलं होतं की, मी डोळे मिटून बसेन, पण मनात काही म्हणणार नाही, आणि तसं खोटं बसायला मला आवडणार नाही. तेव्हापासून तिच्याकडे शिराच आल्या. सव्वीस वर्षं. आज ती पंचेचाळीस वर्षांची होती आणि तिने मनाशी पक्कं केलं होतं की, तोंड वाकडं करायचं नाही.

"बसा," बाबा म्हणाले. "फार बोलणार नाही. आमच्या वडिलांनी केलं तेच मी करतोय. उद्यापासून या स्टुलावर…"

"बाबा, त्याआधी मला एक सांगायचंय," धाकटा म्हणाला.

त्याच्या हातात लिफाफा होता. टेकडीवरच्या शुश्रूषागृहाचं पत्र होतं ते. औषधं थांबलेली माणसं तिथे शेवटचे दिवस काढतात, आणि त्यांची सेवा करणारी मंडळी तिथेच राहतात, पहाटे एकत्र प्रार्थना करतात, दिवसभर अंथरुणं बदलतात. त्यांनी त्याला येत्या एक तारखेपासून बोलावलं होतं.

बाबांना प्रथम कळलंच नाही. "किती दिवसांसाठी?"

"कायमचा, बाबा."

"आणि हे?" बाबांनी स्टुलावर हात ठेवला.

"मला बोलावणं आलंय. गेली चार वर्षं येतंय. मी ऐकू येत नसल्यासारखं करत होतो."

"बोलावणं कुठल्या पत्त्यावर आलं रे?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं. तोंड वाकडं करायचं नाही, हे ठरवून अजून दहा मिनिटंही झाली नव्हती. "आणि इथे जी माणसं एक डोळा झाकून दारात उभी राहतात, त्यांचं बोलावणं नसतं का? साचा कोण घेणार? सेवा करायची तर इथे आहे की भरपूर. त्यासाठी टेकडी कशाला चढायला हवी?"

"बरोबर बोलतेय ती," बाबा म्हणाले.

सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी तिच्याबद्दल पहिल्यांदाच उच्चारलं असेल. थोरलीला त्याचा आनंद झाला नाही. आपण बाबांच्या बाजूला उभ्या आहोत आणि दोघं मिळून धाकट्याला कोपऱ्यात ढकलतोय, हे तिला लख्ख दिसलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"ताई, तू म्हणतेस ते पटतं मला," धाकटा शांतपणे म्हणाला. "पण तुला इथे बसलं की जसं वाटतं, तसं मला इथे वाटत नाही. साचा चांगला येतो, मी हात धुतो, संपलं. त्या घरात मागच्या वर्षी मी एका म्हाताऱ्याचे पाय चेपत होतो, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी जागेवर आहे."

"जाऊ दे त्याला," आत्या म्हणाली.

"अक्का, तू? तू तर देवाचं नाव घेत नाहीस!"

"नाही घेत. नवरा गेला त्या दिवशी आमची बोलाचाल बंद झाली, ती बंदच आहे. पण पोरगा कुणाच्या तरी नावाने मरणाऱ्याचे पाय चेपायला निघालाय, तर त्या नावावरून मी का भांडू? पाय चेपले जाताहेत ना?"

एवढ्यात दाराची घंटा वाजली.

*

दारात गणिताच्या बाई उभ्या होत्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं, धाकट्यालाही. दोन वर्षांपूर्वी आजारपणात त्यांचा उजवा डोळा काढावा लागला होता, आणि नवा डोळा गेल्याच महिन्यात इथून गेला होता. त्यांना बघितल्याबरोबर धाकटा सवयीने ताठ उभा राहिला.

"पाटीवर माझं नाव नाही, माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "पण शनिवारी माझे जुने विद्यार्थी जमणार आहेत. फोटो काढणार आहेत. आणि मला हा डोळा घालून जायचं नाही."

"टोचतोय का?" बाबांनी विचारलं.

"टोचत नाही. उजेडात या, दाखवते."

त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या आणि चेहरा खिडकीकडे केला. धाकट्याला कडेला उभं राहूनही दिसलं. डावा, खरा डोळा मधासारखा तपकिरी, आणि बुबुळाच्या कडेला वयाने येतं तसं करडं वलय. उजव्या डोळ्याचं बुबुळ हुबेहूब तसंच, पण वलय निळं. थोडंथोडकं निळं नव्हे. शाळेच्या गणवेशाला शोभेल असं निळं.

"घरात कळत नाही," बाई म्हणाल्या. "बाहेर पडलं की माणसं बोलता बोलता थबकतात. कुठल्या डोळ्याकडे बघायचं ते त्यांना ठरवता येत नाही. भाजीवाला तर हल्ली माझ्या कानाशी बोलतो."

बाबा वाकून बघत राहिले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग ताठ झाले आणि थोरलीकडे वळले.

"बुबुळाला हात लावलास तू?"

"नाही."

"मी रंगवलं तेव्हा हे असं नव्हतं. आताही मला तर फरक दिसत नाही. पण बाई खोटं बोलणार नाहीत. शिरा बसवताना तू वर काहीतरी केलंस. या कामाला एक मन लागतं, पोरी. ते नसलं की कुठेतरी उमटतंच."

धाकटा पुढे सरकला. ताई बुबुळाला हात लावत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि कारण काय, तर तिने स्वतः रंगवलेली बुबुळं वेगळी होती. वरच्या मजल्यावर, धाग्यांच्या रिळांखालच्या खणात. त्याने ती एकदा चोरून पाहिली होती आणि कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं होतं. आजपर्यंत त्याने एकही वचन मोडलं नव्हतं. आपल्याला आलेल्या बोलावण्याइतकाच त्याला याचाही अभिमान होता.

"बाबा, तिने काही केलेलं नाही," तो म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस. तू तर निघालास."

"निघालोय, म्हणूनच बोलतोय."

"थांब," थोरली म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी काही केलं नाही, हे खरं. पण मला दिसलं होतं. शिरा बसवायला डोळा हातात आला तेव्हाच दिसलं होतं की वलय निळं आहे."

"मग बोलली का नाहीस?" हे बाईंनी विचारलं.

"कारण बाबांनी बजावलेलं होतं की बुबुळात लुडबुड करायची नाही. म्हटलं, बरं, नाही करत. त्यांचा देव बघून घेईल." ती बाईंसमोर खाली बसली. "बाई, मी नेहमी सांगत असते की मला वरचं कुणी लागत नाही, समोरचं माणूस पुरतं. आणि समोरच्या माणसाला मी चुकीचा डोळा घालून रस्त्यावर पाठवलं, तेही रागापोटी. माझं चुकलं."

बाईंनी तिच्याकडे एका डोळ्याने बघितलं, पण ते बघणं दोन्ही डोळ्यांचं होतं. "चुकलं हे कबूल. उत्तर दुरुस्त करता येतं का ते सांग."

"येतं," धाकटा म्हणाला आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला. वचन मोडताना त्याला वाईट वाटेल, असा त्याचा अंदाज होता. तसं काही झालं नाही.

*

खण त्याने अख्खाच काढून आणला आणि टेबलावर ठेवला. खणात कापसावर मांडलेल्या पंचवीस-तीस चकत्या होत्या. प्रत्येक चकतीवर एक बुबुळ.

आत्याला तिची स्वतःची चकती लगेच सापडली. "हा माझा! बघ, पिवळट ठिपक्यासकट! अगं, बाईमाणसाचं वय तरी जरा लपवायचंस!"

बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी एक चकती उचलली होती, आणि ती ते खाली ठेवीनात. गडद तपकिरी बुबुळ होतं आणि बाहुलीच्या खालच्या बाजूला तिळाएवढा काळा डाग. तो डाग त्यांनी एकेचाळीस वर्षं रोज सकाळी उशीवर पाहिला होता.

"ही तिची आहे," ते म्हणाले.

"हो. आईची."

"कधी केलीस?"

"ती आजारी होती तेव्हा. दुपारी ती पडून असायची, मी बाजूला बसायचे."

"करताना मनात काय म्हणत होतीस?"

थोरलीला खोटं सांगता आलं असतं. इथे, या क्षणी एक लहानसं खोटं बोलली असती तर स्टूल तिचं झालं असतं, हे तिलाही कळत होतं आणि आत्यालाही. आत्या मान खाली घालून पॉलिशच्या कापसाशी चाळा करत राहिली.

"काही नाही म्हणत," थोरली म्हणाली. "नुसती बघत होते. आई पुरी दिसेपर्यंत बघायचं, मग रंग घ्यायचा. मला कुणी पाठवलं नाही, बाबा. मी आपली आले. इथे काम पडलेलं दिसलं आणि ते मला येतंय असं वाटलं. माझ्याकडे एवढंच आहे. पण ते मला पुरतं."

बाबांनी आईची चकती कापसावर ठेवली. त्यांना रडू आलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग सावकाश त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. "मग ते निळं वलय कुणी काढलं?"

"तू काढलंस," आत्या म्हणाली. "चांगलं झालं की त्याचं, बिघडलं की पोरीचं. अरे, स्वतःसाठी काही ठेवशील की नाही?"

धाकट्याला हसू फुटलं. बाईही हसल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी रंगाच्या दोन डब्या उचलून उजेडात धरल्या. "ही करडी. ही… हीसुद्धा करडीच आहे."

दुसऱ्या डबीत निळा होता.

थोरली उठली, खणातून आणखी एक चकती घेतली आणि बाबांना हाताला धरून खिडकीशी नेलं. ती चकती त्यांच्याच डोळ्याची होती, दहा वर्षांपूर्वी रंगवलेली. ती तिने त्यांच्या गालाजवळ धरली आणि चकतीकडे एकदा, त्यांच्याकडे एकदा, असं कितीतरी वेळ बघत राहिली. चकतीतली बाहुली काळी कुळकुळीत होती. बाबांच्या डोळ्यातली बाहुली काचेवर वाफ धरावी तशी झाली होती. दुसरी बघितली. तीही तशीच.

"बाबा, मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. चांगला पिकलाय."

"काहीतरीच. मला कळलं नसतं?"

"तुम्हाला कसं कळणार? रोज तिऱ्हाइतांच्या डोळ्यांत बघताय. तुमच्या डोळ्यांत आम्ही बघायचं, तर आम्हीही तिऱ्हाइतांच्याच बघतोय."

आत्या उठून आली आणि भावाची हनुवटी धरून तिने स्वतः खात्री करून घेतली. "शाबास! तीन पिढ्या डोळ्यांच्या धंद्यात, आणि घरातला आंधळा कुणाला दिसेना! यांचे आजोबा असते तर एकेकाला बडवलं असतं. अरे, अर्ध्या तासाचं ऑपरेशन असतं. माझं झालं तेव्हा दुपारी घरी येऊन मी तुझ्याशी भांडलेसुद्धा होते."

बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीशेजारच्या बाकावर बसले. बाईंच्या बाजूला, ज्या बाजूला ते पस्तीस वर्षांत कधी बसले नव्हते. मनात खूप काही येऊन गेलं. हात आपला, काम त्याचं, तर त्याने आपल्या डोळ्यांवर पडदा का ओढू दिला? रागावून पाहिलं, जमलं नाही. पडदा ओढला म्हणून तर खण खाली आला. हे त्याने मुद्दाम केलं असेल का, असं विचारलं तर थोरली हसेल. आणि हसली तरी काही बिघडत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच इतकं स्पष्ट वाटलं.

"पत्र दे," ते धाकट्याला म्हणाले. त्यांनी ते डोळ्यांशी नेलं, लांब धरलं आणि परत दिलं. "वाचून दाखव. एक तारीख म्हणजे बारा दिवस राहिले. तेवढ्यात ताईला साचा घ्यायला शिकव. आणि जाण्याआधी त्या घरातल्यांना विचार, कुणाला डोळा हवाय का. मरताना आरशात नीट दिसावं, असं वाटत असेल एखाद्याला."

"विचारतो, बाबा." धाकट्याने पत्र उलगडलं. थोरलीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि त्या दोघांमधलं भांडण तिथेच मिटलं.

"ताई," तो म्हणाला, "साचा घेताना तू बडबड करायची नाहीस. गिऱ्हाईक हसतं आणि साचा बिघडतो."

"बघू."

"घड्याळ बघा जरा," बाई म्हणाल्या. "शनिवार यायला चार दिवस उरलेत आणि माझा डोळा अजून निळाच आहे."

बाबा उठले. त्यांनी रंगाच्या डब्या ओळीने लावल्या, त्यातली निळी थोरलीला ओळखायला लावून बाजूला सारली. ब्रश पाण्यात बुडवून टोक ओठांत धरून जुळवलं, जसं आजोबा करायचे. आणि स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं.

थोरली जागची हलली नाही. "बाबा, मी प्रार्थना करणार नाही. आज हो म्हणून उद्या फसवायचं, असं मला करायचं नाही. आणि ऑपरेशननंतर तुम्हाला नीट दिसायला लागलं, तर स्टूल तुमचंच."

"मला दिसायला लागलं तरी ते तुझंच राहणार. उठबस करायला ते काय बसस्टॉपवरचं बाकडं आहे? बस."

ती बसली. स्टूल तिच्या अंदाजापेक्षा बुटकं निघालं. समोर बाईंचा खरा डोळा होता, खिडकीतला उजेड सरळ त्यावर पडला होता, आणि करड्या वलयात तिला आता हिरवट छटाही दिसू लागली, जी महिन्यापूर्वी तिच्याही नजरेतून सुटली होती. ब्रश हातात होता. नियमाप्रमाणे आता डोळे मिटायचे होते, आणि खोलीतले सगळे, बाईसुद्धा, नकळत बाबांकडे बघू लागले.

बाबा तिच्या मागे येऊन उभे राहिले. दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले.

"तू उघडे ठेव," ते म्हणाले. "मिटायचं काम माझ्याकडे राहू दे."

त्यांनी डोळे मिटले. थोरली बाईंच्या डोळ्याकडे बघत राहिली. खांद्यांवरचे हात जड होईपर्यंत ती बघत होती, मग तिने करडा रंग घेतला.